पाचवी झेप

अमरावती,
दि. ९ ऑगस्ट २०२४

आदरणीय नागसेनमामांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही चष्मा शोधेपर्यंत वर सरकून जातं, म्हणून हे पत्र. अट तुमचीच आहे, सांगायचं असेल ते कागदावर सांग. घ्या तर. आई बरी आहे. गुडघे दुखतात, तोंड ठणठणीत आहे.

बातमी वाईट आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी ती माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते. झेप बंद झाली. काल गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. शोरूमच्या मॅनेजरने चहा मागवला तेव्हाच मला शंका आली, एरवी तो पाणीसुद्धा विचारत नाही. म्हणाला, मॅडम, शेवटची झेप जूनमध्येच कारखान्यातून बाहेर पडली, आता नवीन येणार नाही. एवढं सांगून त्याने आम्हाला एका उंच गाडीत नेऊन बसवलं. काचेतून बडनेरा रस्त्यावरच्या ऑटोंचे टप दिसत होते. आई न वाकता आत बसली, न वाकता उतरली, आणि घरी येईपर्यंत तिने दुसरा विषय काढला नाही.

तुम्ही तीस वर्षं त्या कारखान्यात गाड्या चालवून तपासल्या, त्यातली शेवटची दहा याच गाडीवर घालवलीत. इथेच आखलेली, इथेच बनलेली, वीज कंपनीतल्या माझ्यासारख्या अभियंत्याला परवडेल अशी वेगवान छोटी गाडी. बाकीच्या कंपन्यांनी त्यांच्या अशा गाड्या एकेक करून आधीच बंद केल्या होत्या. आता ज्याला वेग हवा त्याने बाहेरून येणारी गाडी घ्यावी, म्हणजे आपण घेऊ नये.

दुसरी बातमी. आमच्या मोटार क्लबचे सेक्रेटरी खुशालराव सांगत होते की जानेवारीत धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात स्पर्धा ठरली आहे. देशी बनावटीच्या गाड्यांचा वेगळा गट यंदा शेवटचा. त्यात पहिला येईल तो मार्चमध्ये कोइमतूरला देशाच्या अंतिम फेरीला जाईल. मी दरवर्षी दुसरी नाहीतर तिसरी येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गटात पाच गाड्या सुटल्या पाहिजेत, नाहीतर गटच रद्द. आज चार आहेत, चारही झेपच. माझी, यवतमाळच्या एका दातांच्या डॉक्टरांची, बुलढाण्याच्या वकिलांची आणि तेल्हाऱ्याच्या विपुलची. हा विपुल गेल्या वर्षी माझ्या पुढे होता. पाचवी अकोल्यात कौलखेडला एका घरासमोर कापडाखाली झाकलेली असते. मी फक्त सुचवते.

रागाने पत्र फाडू नका. माया आहे तेवढी तरी राहू द्या.

आपली भाची,
ज्योत्स्ना


अकोला,
दि. २० ऑगस्ट २०२४

चि. ज्योत्स्नास,
नागसेनमामाचे अ. उ. आ. व जयभीम.

पत्र मिळालं. फाडलं नाही. दोनदा वाचलं, मग कापड काढून गाडी धुतली. दुसरं काही सुचलं नाही.

पहिली झेप चाचणीला आली तेव्हा वळणावर म्हशीसारखी कलायची. स्प्रिंगा बदल, पुन्हा चालव, पुन्हा बदल, असे दोन पावसाळे गेले. शेजारी बसणारे साहेब प्रत्येक वळणाला काहीतरी खोट काढायचे. एके दिवशी वळण आलं आणि गेलं, साहेब नुसते हसले. आम्ही गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, झाली. त्या दिवशी कँटीनमध्ये आमच्या टेबलावर कुणी जेवलं नाही, सगळे बोलतच होते. तेव्हा मला ऐकू येत होतं.

पुढे दरवर्षी विक्रीवाल्यांची बैठक व्हायची आणि दरवर्षी एकच प्रश्न, ही गाडी कशाला. रंग दोनच दिले. ऑटोमॅटिक गिअर द्या म्हणून आम्ही ओरडलो, दिला नाही. जाहिरातीत तिला मागे उभी करायचे आणि पुढे उंच गाडी. मग म्हणायचे, खपत नाही. गाडी मारली ती कंपनीने, दुसऱ्या कुणी नाही. तुझ्या त्या चहावाल्या मॅनेजरला माझ्या नावाने सांग.

आता तुझ्या सुचवण्याबद्दल. मी चौसष्टचा आहे. इंजिनांच्या खोल्यांत आयुष्य गेलं, कानात नुसती शिट्टी वाजते. मी चाचणीवाला, शर्यतवाला नव्हे. पाचवा कुणी दुसरा शोध. आणि तुझी झेप बदल्यात देऊ नको, एवढं माझं ऐक.

आमच्या शालूबाईच्या गुडघ्यांना रोज शेक दे. तुझ्या खुशालीच्या दोन ओळी आल्या की मला बरं वाटतं, त्या येत राहू देत.

तुझा मामा,
नागसेन


अमरावती,
दि. १५ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आई म्हणाली की नागसेन अजून कारखान्यातून रिटायर झालाच नाही.

कंपनीला शिव्या द्या, माझी ना नाही. पण मी त्या शोरूममध्ये दोन शनिवार बसून काढलेत. पोरं येतात, तिथे उरलेल्या एकमेव झेपजवळ उभं राहून फोटो काढतात, दार लावून त्याचा आवाज ऐकतात आणि घरच्यांना घेऊन उंच गाडीकडे जातात. आमच्या ऑफिसात ज्यांनी ज्यांनी गाडी घेतली, त्या प्रत्येकाला मी झेपमधून फिरवून आणलं होतं. उतरताना प्रत्येक जण खूश. घेताना एकानेही घेतली नाही. कुणाच्या गावचा रस्ता खराब, कुणाच्या आईचे गुडघे, कुणाला मागे पोती टाकायची. खोटं कुणी बोललं नाही. तेव्हा एकट्या कंपनीचं नाव घेऊ नका.

आता खरी अडचण. विपुल गाडी विकतो आहे. त्याचं लग्न ठरत आहे आणि त्याचे वडील भगवंतराव म्हणतात की दारात उंच गाडी पाहिजे. तो गेला तर उरले तीन, आणि तुम्ही तर आधीच नाही म्हणून मोकळे. तेल्हारा तुम्हाला जवळ आहे. शर्यतीत येऊ नका, पण एकदा जाऊन त्यांच्याशी बोला. गाडी बनवणाऱ्यांपैकी माणूस घरी आला तर कदाचित ऐकतील.

मी हरले तर विपुलसमोर हरेन. तो आलाच नाही तर हरायचीही सोय नाही.

लोभ पातळ होऊ देऊ नका.

ज्योत्स्ना


अकोला,
दि. २१ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ. व जयभीम.

तेल्हाऱ्याला जाऊन आलो. झेपनेच गेलो. अकोटपर्यंत ठीक, पुढे पावसाने रस्ता उकरलेला होता. विपुलच्या दारात पोचलो तेव्हा चाकं दिसत नव्हती, नुसता काळा चिखल.

भगवंतरावांचं कापसाचं जिनिंग आहे, वावर आहे, माणूस रोखठोक आहे. त्यांनी चहा दिला आणि विचारलं की साहेब, ही गाडी घेऊन मले वावरात जाता येते का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, पाव्हणे मांगं बसले तं आरामात बसतीन का. मी म्हटलं, बसतील, गुडघे छातीला लागतील. मंग काहून ठिवायची, असं त्यांनी विचारलं. ज्योत्स्ना, दहा वर्षं विक्रीवाल्यांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी त्यांना मूर्ख समजलो. भगवंतराव मूर्ख नाहीत.

उत्तर म्हणून त्यांना शेजारी बसवलं आणि अकोट रस्त्याचा जेवढा तुकडा बरा होता तेवढा चालवून दाखवला. ते दाराची कडी धरून बसले. परत आल्यावर उतरून गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले की मजा आली, पण मजा रोज लागत नाही, गाडी रोज लागते.

त्या दिवशी तारीख काढायला मुलीकडचे आले होते. मुलीचं नाव प्रणाली, शिक्षिका आहे. तिने भगवंतरावांना सांगितलं की लग्न एप्रिलमध्ये आहे तर उंच गाडी एप्रिलमध्ये येऊ द्या, जानेवारीपर्यंत ही राहू द्या, मला घाट पाहायचा आहे. विपुल महिनाभर जे मागत होता ते तिला एका वाक्यात मिळालं. तेव्हा तुझा विपुल येणार.

आणि मीही येतो. कारण विचारू नको. परत येताना वाटेत गाडी थांबवून चाकांचा चिखल काढला, तेवढ्यात ठरलं. हेल्मेट मागवलं आहे, घरी मी नसलो तर पार्सल परत जातं, म्हणून तुझा पत्ता दिला आहे.

अभ्यास कर. घाट पाठ कर. माझ्यावर तुझा जीव आहे तो घाटात सांभाळून आण.

मामा


अमरावती
१० नोव्हेंबर

चि. नागसेनले,
शालूबाईचा आशीर्वाद अन् जयभीम.

मी बरी आहो. पोरगी सांगे का मामा बी घाटात गाडी पयवणार हाये. मले वाटलं मस्करी करून राहिली. मंग तुह्यं हेल्मेट आलं पार्सलनं, तवा समजलं का खरं हाये. शेजारची म्हणे, शालूबाई, घरात नवीन कुकर आला का.

काहून रे बापा? चौसष्ट वर्साचा झाला तू. बायको असती तं तिनं अडवलं असतं. ती नाही म्हणून मी लिहून राहिली. तुले ऐकू येत नाही. मांगून कोणी थांब म्हणून वरडलं तं तुले काय समजणार? मांगच्या हप्त्यात दीक्षाभूमीवर गेल्ती, दिवसभर त्या गाडीची आठवण नाही झाली. घरी आली अन् उंबऱ्यातच हेल्मेट.

ज्योत्स्नाले मी अडवत नाही. तिचे बाबा गेले तवापासून घर तिनंच पाह्यलं. लगन कर म्हटलं तं हासते. तिचा एवढा एकच शौक हाये, करू दे. पण तिच्या मनात काय हाये ते तुले माईत हाये का? तिले कोइमतूरले जायचं हाये. नकाशा काढून कपाटात ठिवला हाये तिनं, रस्ता पेननं रंगवला हाये. मले दाखवत नाही, पण मी पाह्यला.

म्हणून सांगतो तुले. जाऊन राहिला तं तिच्यासाठी जाय. गाडीसाठी जाऊ नको.

थंडी पडून हिरवा सांबार आला का सांबारवड्या करीन, तवा ये. बहिणीले इसरू नको.

तुही,
शालूबाई


अमरावती
२१ जानेवारी

चि. नागसेनले जयभीम.

पोरगी घाटातून आली तवापासून बोलून नाही राहिली. जेवते, ड्युटीले जाते, येते, झोपते. नंबर दुसरा आला एवढंच सांगतलं. दुसरा तं आंधी बी आला होता, तवा अशी नव्हती. तिकडं काय झालं ते सारं लिव. लपवू नको.

शालूबाई


अकोला,
दि. २६ जानेवारी २०२५

ती. बाईस,
नागसेनचा जयभीम. वि. वि.

लपवत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी घाट बंद ठेवला होता. थंडी इतकी की पाना हाताला चिकटत होता. दोन फेऱ्या चढायच्या, एक जेवणाआधी, एक नंतर, आणि दोन्हींतली चांगली वेळ धरायची. पाचही झेप सुटल्या म्हणजे गट पक्का झाला. मी शेवटी सुटलो. मला आवाज येत नाही, पण सीटमधून, स्टेअरिंगमधून गाडी काय म्हणते ते कळतं. पहिल्या फेरीत मी तिसरा आलो. डॉक्टर आणि वकील दोघेही माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान आहेत, ते मागे राहिले. खोटं कशाला, मला फार आनंद झाला.

ज्योत्स्ना पहिली आली. काय चालवली बाई तिने! मी खालून पाहत होतो. वरच्या वळणांवर बाकी सगळ्यांचे ब्रेकचे दिवे लागतात, तिचा जेमतेम लुकलुकला. मी दहा वर्षं ज्या गाडीवर घालवली ती गाडी काय करू शकते ते मला त्या दिवशी पोरीने दाखवलं. विपुल दुसरा, अगदी थोडक्याने मागे.

फेरी संपवून विपुल वर थांबला तो थांबलाच. इंजिन चालू, गिअर पडतो, गाडी हलत नाही. इंजिनाची ताकद चाकाला नेणारी दांडी असते, ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात तिला, ती सांध्यात तुटली होती. झेपची दांडी जाड असते, दुसऱ्या गाडीची तिला चालत नाही. चिखलदऱ्याचं सोड, ती आता अमरावतीतही मिळत नाही. विपुल बॉनेट उघडून उभा, शेजारी प्रणाली. स्पर्धा पाहायला उंच गाड्यांतून लोक आले होते, ते फोटो काढत होते. त्यांतला एक जण शेजारच्याला म्हणाला, म्हणूनच बंद केली. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

मी माझी गाडी जॅकवर घेतली. दांडी दुसऱ्याची लावलेली चालते का ते खुशालरावांना विचारलं, ते हो म्हणाले. डॉक्टर आणि वकील जेवण सोडून मदतीला आले. गिअरचं तेल अंगावर सांडलं, कोपरं सोलली, पण जेवणाच्या सुट्टीत माझी दांडी विपुलच्या गाडीत बसली. ज्योत्स्नाला विचारलं नाही. ती दुसऱ्या फेरीसाठी घाट पायी पाहायला खाली उतरली होती. ती आली तेव्हा विपुलची गाडी चालू होती आणि माझी एक चाक काढून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, विपुलकडे पाहिलं आणि हेल्मेट घातलं.

दुसऱ्या फेरीत तिने सकाळपेक्षा चांगली चालवली. विपुलने तिच्याहूनही चांगली. कोइमतूरला तो जाणार.

तू बजावलं होतंस, तिच्यासाठी जा, गाडीसाठी जाऊ नको. ते मला त्या वेळी आठवलं नाही. संध्याकाळी ट्रकवर माझी गाडी चढवताना आठवलं.

तुझी माया कमी झाली तर मी काही म्हणणार नाही.

तुझा भाऊ,
नागसेन


अमरावती,
दि. २ फेब्रुवारी २०२५

मामांस,
जयभीम.

आईने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. सगळं खरं लिहिलंत.

विपुलवर माझा राग नाही. त्याने दांडी मागितली नव्हती. सुटायच्या आधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी सुटत नाही. पण तेव्हा त्याची गाडी चालू झाली होती, लोक टाळ्या वाजवत होते, प्रणाली रडत होती आणि तुम्ही तेलाचे हात पुसत हसत होतात. तिथे नको म्हणायचं म्हणजे मी कोण झाले असते? मी म्हटलं, जा.

गाडी तुमची, दांडी तुमची. तुम्ही ती कुणालाही द्या. पण ती दिल्याने माझं काय जाणार हे त्या घाटात तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुढचं वर्ष नाही, मामा. गट संपला, गाडी संपली. माझ्याकडे ही एकच संधी होती आणि ती तुम्ही मला न सांगता दुसऱ्याच्या चाकाला लावलीत.

तुम्ही आधी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, मला माहीत नाही. कदाचित हो म्हणाले असते. रडत म्हणाले असते, पण म्हणाले असते. आता ते मला कधीच कळणार नाही, आणि सगळा राग त्याचाच आहे. तुम्ही मला चांगलं वागायची संधीसुद्धा ठेवली नाहीत.

काही दिवस लिहिणार नाही. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणखी काही मागणं नाही.

ज्योत्स्ना


अकोला,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
मामाचे आशीर्वाद व जयभीम.

तू लिहिणार नाहीस, मी लिहितो. उत्तर नको.

तुझा विचार केला आणि मग ठरवलं असं लिहिलं असतं, तर तुला थोडं बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. त्या वेळी मला तू दिसलीच नाहीस. बॉनेट उघडून उभी असलेली झेप दिसली आणि फोटो काढणारे दिसले. ती गाडी तशी राहिली असती तर त्या लोकांनी घरी जाऊन तेवढंच सांगितलं असतं. मला ते सहन झालं नाही. हात आपोआप पान्याकडे गेले.

दांडी दिली याचं मला वाईट वाटत नाही. तुला विचारलं नाही याचं वाटतं, रोज वाटतं. ही दोन्ही वाटणं एकमेकांत मिसळून त्यांचं एक होत नाही. तू समजून घे असं मी म्हणत नाही.

गोळी घेतो.

मामा


अकोला,
दि. २० एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ. व जयभीम.

जयंतीच्या दिवशी बाई येऊन गेली, तू ड्युटीवर होतीस असं कळलं. तिच्याकडून तुझी खुशाली कळली, तेवढ्यावर समाधान मानलं.

विपुल परवा बायकोला घेऊन आला होता. त्याने सांगितलेलं तुला लिहितो, तुझा त्यावर हक्क आहे. गाडी ट्रकवर चढवून तो कोइमतूरला गेला. साऱ्या देशातून त्या गटात तीन गाड्या आल्या होत्या. गट तिथल्या तिथे रद्द झाला. आयोजकांना दया आली, त्यांनी त्याला मोठ्या गटात बाहेरून आणलेल्या गाड्यांबरोबर धावू दिलं. शेवटून दुसरा आला. गाडी मात्र पूर्ण धावली. तो म्हणाला की ताई असत्या तर शेवटून चौथ्या आल्या असत्या. हे सांगताना तो हसत होता, पण डोळे काही हसत नव्हते.

ठरल्याप्रमाणे त्याच्या दारात उंच गाडी आली आणि झेप बदल्यात गेली. दांडी काढून आणून देतो म्हणत होता. पण गाडी शोरूमपर्यंत चालत गेली पाहिजे, नाहीतर ते घेत नाहीत. मी राहू दे म्हटलं. भगवंतराव त्याला म्हणाले म्हणे, एक दिवस गाडी देऊ नये, अजून एकदा चालवून घ्यावी. बापलेक अकोटपर्यंत जाऊन आले.

माझी गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. इथल्या लेथवाल्याने दांडी करून पाहिली, दाते जुळले नाहीत. कंपनीत मागणी नोंदवली, उत्तर येतं की नोंद झाली आहे. तेव्हा असा विचार आहे की माझी गाडी उकलावी. स्प्रिंगा, टर्बो, ब्रेक, दारं, काचा, सगळं उत्तम आहे. त्या सामानावर तुझी झेप आणखी बरीच वर्षं चालेल.

पण या खेपेला आधी विचारतो. तू हो म्हणालीस तरच पाना लावीन. नाही म्हणालीस तर जशी आहे तशी उभी राहील. घाई नाही.

मामा


अमरावती,
दि. २५ मे २०२५

आदरणीय मामांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला महिना लागला. रागाने नाही, बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत होते. आली. धारणीला जायचं आहे. जून संपायच्या आत हजर व्हायचं. पावसाळ्यात वादळाने तारा पडल्या की जंगलातल्या एकेका गावापर्यंत जावं लागतं, आणि एस.टी. सगळीकडे जात नाही. मागच्या आठवड्यात झेप घेऊन पाहून आले. हरिसालच्या पुढे आतल्या रस्त्याला लागले तर गाडीचं पोट दोनदा दगडाला लागलं. तिसऱ्यांदा मी उतरले आणि पुढे पायी गेले. गावातल्या बायका विचारत होत्या की मॅडम, एवढ्या छान गाडीचे असे हाल काहून करता.

म्हणून मी उंच गाडी घेतली. लिहायला लाज वाटत नाही, वाईट वाटतं. लोकांची जी कारणं मी तुम्हाला लिहिली होती त्यांत माझंही एक झालं, आणि तेही खोटं नाही. आई दोन दिवस शेजारणींना गाडीत बसवून दाखवते आहे.

शोरूमवाले बदल्यात झेप मागत होते. दिली नाही. मॅनेजर म्हणाला, मॅडम, ठेवून करणार काय. त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

तुम्ही विचारलंत. माझं उत्तर नाही असं आहे. तुमची गाडी उकलायची नाही, माझी उकलायची. माझी धारणीच्या शेडमध्ये उभी राहून गंजेल. तुम्ही अकोल्याच्या डांबरी रस्त्यावर तुमची चालवाल, आणि गाडी काय म्हणते ते तुम्हाला हातांनी कळतं. मी खूप विचार केला. दांडी माझ्या गाडीतून तुमच्या गाडीत गेली पाहिजे, बाकीचं सामान तुमच्या खोलीत राहील, लागेल तसं वापरा. डॉक्टर आणि वकिलांना काही लागलं तर त्यांनाही द्या. आणि हे मी स्वतः ठरवलं आहे, मामा. जानेवारीत काय म्हणाले असते ते कळलं नाही, आता काय म्हणते ते कळलं.

राग गेला का, असं आई विचारत होती. मी म्हटलं, बराचसा.

येत्या रविवारी, एक जूनला, ऊन चढायच्या आधी निघते. झेप स्वतः चालवत आणते. तुम्ही जॅक आणि ठोकळे काढून ठेवा, पण हात लावू नका. माझ्या गाडीची दांडी मीच काढणार, तुम्ही शेजारी बसून दाखवा. बोलणं मोठ्याने करीन.

जेवायला भाकर आणि झुणका पुरे. परत मी एस.टी.ने येणार आहे, तेव्हा संध्याकाळी मला अकोल्याच्या स्टँडवर सोडायला तुम्ही यायचं, झेप घेऊन. मी डाव्या बाजूला बसेन.

तुमची,
ज्योत्स्ना